‘स्ट्रेंजर’चा दुसरा सीझन आणि फाइल बंद करायचा हक्क

‘पहिल्या सीझनची सर नाही.’ ‘स्ट्रेंजर’ या कोरियन मालिकेच्या दुसऱ्या सीझनबद्दल मंद्याने येताच जाहीर केलं आणि तलावपाळीवरचा आमचा कट्टा तापला. चहा यायच्या आधीच शिल्पाने त्याला धरलं, ‘किती भाग बघितलेस?’ चार. ‘चार भागांवर निकाल देतोस?’

(पुढे सगळं उघड होणार आहे. मालिका पाहिली नसेल, तर आधी पाहून या.)

मंद्याची तक्रार अगदीच बिनबुडाची नाही. 2017 चा पहिला सीझन म्हणजे एका खुनाचा धागा, सोळा भागांत घट्ट विणलेला. त्याला कोरियातल्या बेकसांग पुरस्कारांत सर्वोच्च मान मिळाला, लेखिका ली सू-यॉनला पटकथेचा आणि चो सुंग-वूला अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. 2020 चा दुसरा सीझन मात्र बैठकांचा आहे. विषय, तपासाचे अधिकार कोणाकडे किती. पोलीस एका बाजूला, प्रॉसिक्युटर दुसऱ्या बाजूला आणि मधे लांबलचक टेबल. ‘थ्रिलर बघायला बसलो की विधिमंडळाची समिती?’ मंद्या म्हणाला.

आमच्यात वकिली करणारा एकच, सुहास. तो म्हणाला, ‘त्या बैठकीत काय चाललंय ते आपल्याला पटकन कळत नाही, कारण आपली व्यवस्थाच वेगळी. आपल्याकडे तपास पोलिसांचा. आरोपपत्र पोलीस दाखल करतात, सरकारी वकील उभा राहतो कोर्टात. कोरियात 1954 च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यापासून तपासाची सूत्रं प्रॉसिक्युटरच्या हातात होती. पोलिसांनी त्याच्या हुकमाखाली काम करायचं, असाच नियम होता. खटला भरायचा की नाही, तेही तोच ठरवणार. वॉरंटसाठी न्यायाधीशाकडे अर्ज करायचा अधिकार त्याचाच आणि तो थेट राज्यघटनेत लिहिलेला. आता सांग, पोलिसांना हे किती वर्षं खुपत असेल?’

‘आणि हे मालिकेपुरतं नाही,’ शिल्पा म्हणाली. ‘जानेवारी 2020 मध्ये तिथल्या संसदेने कायदा बदलला. पोलिसांवरचा प्रॉसिक्युटरचा हुकूम काढला, काही प्रकरणं पोलिसांनी स्वतःच बंद करायची मुभा दिली. अंमल 1 जानेवारी 2021 पासून. मालिका ऑगस्ट ते ऑक्टोबर 2020, म्हणजे बरोबर मधल्या काळात दाखवली. प्रेक्षक संध्याकाळी बातम्यांत जे ऐकत होते, तेच रात्री मालिकेत.’

नाना एवढा वेळ गप्प होते. ते खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झालेत. आम्ही वाद घालत असलो की ते ऐकतात, आणि बोलले की सगळे गप्प होतात. म्हणाले, ‘मला तो पहिला भाग झोपू देईना. धुकं, समुद्रकिनारा, धोक्याची दोरी तोडलेली, दोन पोरं बुडाली. आपल्याकडे काय झालं असतं? अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, पोरांनी दारू प्यायली होती असा शेरा. फाइल बंद.’

तोंगयोंगच्या त्या किनाऱ्यावर तसंच होतं. पहिल्या सीझनमधली इन्स्पेक्टर हान यो-जिन, म्हणजे बे डू-ना, सोशल मीडियावरचे एका जोडप्याचे फोटो बघते आणि तिला शंका येते की दोरी त्यांनीच तोडली. पण मालिकेचा नायक, प्रॉसिक्युटर ह्वांग शी-मोक (चो सुंग-वू), याचा जुना साहेब कांग वोन-चोल याच्या कार्यालयातून ‘खटला नाही’ असा शेरा झटक्यात येतो. आरोपीचा वकील पूर्वीचा न्यायाधीश असतो.

इथून माझं म्हणणं सुरू होतं आणि मी ते कट्ट्यावर ठासून मांडलं. मंद्याला जे रटाळ वाटतं, तोच या सीझनचा गाभा आहे. बघा ना, ही बंद केलेली फाइल पोलीस मुख्यालयातल्या यो-जिनच्या वरिष्ठ बाई, चोई बित, यांच्या हाती लागते, आणि ती तिचं काय करते? बुडालेल्या पोरांच्या आईबापांकडे जात नाही. वर्तमानपत्रांत फोडते. कारण प्रॉसिक्युटरांची लक्तरं वेशीवर टांगायला मिळाली. मग प्रॉसिक्युटर चवताळून पोलिसांची कुलंगडी शोधायला लागतात. सो दोंग-जे नावाचा प्रॉसिक्युटर सेगोक चौकीतल्या एका पोलिसाच्या संशयास्पद मृत्यूचं प्रकरण उकरून वरिष्ठ ऊ ते-हापुढे नेऊन ठेवतो. म्हणजे तेही न्यायासाठी नाही. बैठकीत पत्ता म्हणून टाकायला. त्या लांबलचक टेबलावर मेलेली माणसं एकमेकांसमोर सरकवली जातात. ते बघताना माझ्या पोटात गोळा आला. एकही गोळी न झाडता.

‘सगळीच खाती तशी असतात,’ मंद्या म्हणाला.

‘मग दोंग-जेचं अपहरण आठव,’ शिल्पा म्हणाली. तिने चहाचा ग्लास खाली ठेवला. ‘आपला स्वतःचा माणूस गायब. गल्लीत रक्त. आणि ऊ ते-हा काय करतो? खोटा साक्षीदार उभा करतो, संशय पोलिसांकडे वळावा म्हणून पोलिसांच्या घड्याळाचा बनाव रचतो. तो माणूस कुठेतरी मरत पडलाय आणि साहेबाला बैठकीत सरशी हवी आहे. याहून थ्रिलर काय हवं तुला?’

मंद्या यावर गप्प बसला, कारण तो तिथवर पोचलाच नव्हता.

मला सर्वांत जास्त पटलं ते दोंग-जेचं काय होतं ते. पहिल्या सीझनपासून हा माणूस संधिसाधू. कोणाच्या मागे उभं राहिलं की बढती मिळेल एवढंच बघणारा. पण तोंगयोंगच्या त्या बुडालेल्या पोरांबद्दल ‘हा खरंच अपघात होता का?’ असं विचारायला, वाचलेल्या तिसऱ्या मुलाकडे जाणारा तोच एकटा. दोन्ही खात्यांना ती फाइल फेकून मारायला हवी होती. दोंग-जेने तेवढी उघडून वाचली आणि म्हणूनच डोक्यात घाव खाल्ला. दोंग-जे झालेल्या ली जून-ह्योकने हे सगळं असं केलंय की त्याचा रागही येतो आणि तो सापडावा म्हणून जीवही तुटतो. 2024 मध्ये त्याच पात्रावर स्वतंत्र मालिका आली, ते उगाच नाही.

सुहासने मात्र माझी बाजू पुरती घेतली नाही. म्हणाला, ‘लेखिका पोलिसांना झुकतं माप देते. प्रॉसिक्युटर जास्त काळे रंगवलेत.’ शिल्पाला ते मान्य नव्हतं. तिने नामयांगजूच्या बंगल्याची आठवण करून दिली. तिथे एक माजी प्रॉसिक्युटर दारू पिता पिता मरतो, आणि तिथे असल्याचं कळू नये म्हणून मृतदेह हलवणाऱ्यांत ऊ ते-हाच्या जोडीला चोई बितही असते. बैठकीत एकमेकांचे गळे धरणारे दोघे, आधीपासून एकाच पापातले भागीदार.

नाना म्हणाले, ‘पण तिने शेवटी पत्रकारांसमोर कबूल केलं. खुर्ची सोडली. ऊ ते-हाने काय केलं? शेवटपर्यंत नाकारलं.’

‘यो-जिनने पुरावा समोर ठेवल्यावर कबूल केलं, नाना. त्याआधी नाही,’ शिल्पा म्हणाली. ‘आणि किंमत कोणी मोजली? यो-जिनने. जिला देव मानलं, तिच्याविरुद्ध गेली म्हणून मुख्यालयात कोणी तिच्याशी धड बोलेना.’

‘किंमत मोजावी लागतेच. मी बघितलीय मोजणारी माणसं,’ नाना म्हणाले. ‘पण वरच्याने कबूल करणं हीसुद्धा लहान गोष्ट नाही, पोरी. तीस वर्षं खात्यात असणाऱ्याला विचार.’

शिल्पा मान हलवत राहिली. सुहास नानांच्या बाजूने, मी शिल्पाच्या. मंद्याने मोबाइल काढून पाचवा भाग डाउनलोडला लावला आणि आम्हाला दम दिला, ‘माझं बघून होईपर्यंत चोई बितबद्दल कोणी एक शब्द बोलायचा नाही.’ नाना तरीही बोलत होते.