'कॅनिबल होलोकॉस्ट'च्या चित्रीकरणात मेले कोण?

समाजमाध्यमांवर अधूनमधून एक मजकूर फिरत असतो. त्याचा सारांश असा: इटालियन दिग्दर्शक रुद्जेरो देओदातो यांनी 'कॅनिबल होलोकॉस्ट' या भयपटासाठी जंगलात आपल्याच नटांचे खरेखुरे खून चित्रित केले, पहिल्या खेळानंतर लगेच त्यांच्यावर खुनाचा आरोप आला, नटांना जिवंत हजर केल्यावर ते निर्दोष सुटले, आणि चित्रपटावर आजही सगळीकडे बंदी आहे. यातले पहिले आणि तिसरे विधान एकमेकांना खोडून काढते, पण मजकूर पुढे ढकलणाऱ्यांना त्याचे काही वाटत नाही. प्रत्येक विधान वेगळे काढून तपासले पाहिजे.

कोणत्याही नटाचा खून झालेला नाही. चित्रीकरण 1979 मध्ये प्रामुख्याने कोलंबियातील लेतिसिया या गावाच्या परिसरात झाले. ब्राझील आणि पेरू यांच्या सीमेला लागून असलेल्या या गावी आजही विमानाने किंवा नदीमार्गेच पोहोचता येते. कथेत चार तरुण माहितीपटकार जंगलात नाहीसे होतात आणि त्यांची रिळे मागाहून सापडतात. ती रिळे खरी वाटावीत म्हणून तो भाग 16 मिलिमीटर फिल्मवर, हातात धरलेल्या कॅमेऱ्याने टिपला होता. त्या चौघांपैकी लुका बार्बारेस्की पुढे इटलीत नट आणि दूरदर्शन कलाकार म्हणून नावारूपाला आले आणि 2008 मध्ये तिथल्या संसदेवर निवडूनही गेले. त्या रिळांचा शोध घेणाऱ्या प्राध्यापकाची भूमिका करणारे रॉबर्ट करमन त्यानंतर आणखी दोन इटालियन नरभक्षकपटांत दिसले.

अफवेला सर्वाधिक खतपाणी घातले ते खांबावर सुळी दिलेल्या आदिवासी मुलीच्या दृश्याने. हे दृश्य कसे केले, ते देओदातो यांनी स्वतः सांगितले आहे. जमिनीत रोवलेल्या लोखंडी खांबाच्या टोकाला सायकलची सीट बसवली होती, मुलगी त्या सीटवर बसली होती आणि बाल्सा या हलक्या लाकडाचा टोकदार तुकडा तोंडात धरून ती वर आभाळाकडे पाहत होती. वर रक्ताचा रंग फासला, की खांब देहातून आरपार गेल्याचा भास पुरा होतो. यात ना महागडी यंत्रणा होती, ना संगणकाची करामत.

कायदेशीर कारवाईचा क्रमही या मजकुरात चुकलेला आहे. फेब्रुवारी 1980 मध्ये मिलानमध्ये चित्रपट प्रदर्शित झाल्यावर थोड्याच दिवसांत तो जप्त झाला, पण सुरुवातीचा आरोप अश्लीलतेचा होता. खुनाचा संशय नंतर, एका फ्रेंच मासिकाने पडद्यावरचे काही मृत्यू खरे असावेत असे सुचवल्यावर बळावला. त्यात देओदातो यांच्याच सांगण्याप्रमाणे, रिळे खरी वाटत राहावीत यासाठी नटांनी वर्षभर कुठेही झळकू नये असा करार केलेला होता. प्रसिद्धीसाठी लढवलेली ही शक्कल अशी त्यांच्याच अंगाशी आली, आणि अखेर बार्बारेस्कींमार्फत इतरांना गाठून सर्वांना पुढे आणावे लागले.

मात्र 'निर्दोष सुटले' हे खरे नाही, आणि माझ्या मते संपूर्ण मजकुरातली ही सर्वांत दिशाभूल करणारी ओळ आहे. खुनाचा संशय गळून पडला, तरी देओदातो, निर्माते आणि पटकथाकार यांना दोषी ठरवून चार महिन्यांची स्थगित कारावासाची शिक्षा झाली, आणि इटलीतील बंदी उठायला 1984 साल उजाडले. कारण पडद्यावरच्या प्राण्यांच्या हत्या खऱ्या होत्या. कोआटी (रॅकूनच्या कुळातला लांब नाकाचा छोटा प्राणी), मोठे नदीकासव, साप, कोळी, डुक्कर आणि माकड यांना कॅमेऱ्यासमोर मारले गेले. माकडाचे दृश्य पुन्हा घ्यायचे म्हणून दुसरे माकडही मारले. कासवाचे दृश्य झाल्यावर पेरी पिरकानेन हा नट रडला, तर कोआटीला मारताना करमन चित्रीकरण सोडून निघून गेले. मारलेले प्राणी स्थानिक लोकांनी खाल्ले, असे समर्थन पुढे देण्यात आले. पण कॅमेऱ्याच्या सोयीसाठी दुसऱ्यांदा मारलेल्या जिवाला ते कसे लागू पडते, ते मला तरी समजलेले नाही. खुद्द देओदातो यांनी पुढे मुलाखतींत या हत्यांबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला.

माणसांचे खरे मृत्यू चित्रपटात आहेतच, पण ते या चित्रीकरणातले नाहीत. कथेतल्या माहितीपटकारांचे आधीचे काम म्हणून जो तुकडा दाखवला जातो, त्यात आफ्रिका आणि आग्नेय आशियातील देहदंडाची जुनी वृत्तचित्रे जोडलेली आहेत. खून शोधणाऱ्यांचे लक्ष नेमके इथे जात नाही.

राहिला 'आजही सगळीकडे बंदी' हा दावा. ब्रिटनमध्ये 1980 च्या दशकात हा चित्रपट अधिकाऱ्यांनी जप्त करण्याजोग्या चित्रफितींच्या यादीत होता. तिथल्या प्रमाणन मंडळाने 2001 मध्ये जवळपास सहा मिनिटे कापून त्याला परवानगी दिली. मंडळाने 2011 मध्ये तो पुन्हा तपासला, तेव्हा सुळीचे दृश्य आणि माहितीपटकारांचे मृत्यू जसेच्या तसे ठेवले. कापले ते सुमारे 15 सेकंद, आणि त्यात होती कोआटीची हत्या.