आठची मराठी उपासना

बेळगावात गोवावेसच्या आमच्या कट्ट्यावर विषय सहसा पाऊस, म्हादई आणि सीमाप्रश्न यांच्यापुढे सरकत नाही. परवा सरकला, कारण दानू चहा यायच्या आधीच तापला होता. आमच्या चर्चमधली रविवारची आठची मराठी उपासना बंद करून दहाच्या कन्नड उपासनेत मिसळायची, असा ठराव कमिटीत झाला होता. त्या ठरावाला हात वर करणाऱ्यांत मीही होतो. कट्ट्यावर ते लगेच सांगायचं धाडस झालं नाही.

"वीस माणसं येतात रे," मी म्हटलं. "त्यातली निम्मी साठीच्या पुढची. पाळकांना मराठी येत नाही. काय करायचं?"

"आज्जी गेली तवा काय झालं, इसरलास?" दानू म्हणाला.

विसरलो नव्हतो. पाळकांनी दफनविधी सगळा व्यवस्थित केला, पण कन्नडमधून. आज्जीच्या लेकी, सुना पाहुण्यांसारख्या कडेला उभ्या. मग माती टाकताना एका म्हातारीनं ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन धरलं आणि बायकांनी पुस्तकाशिवाय ते शेवटपर्यंत म्हटलं. रेव्हरंड टिळकांना जाऊन शंभराच्या वर वर्षं झाली, तरी आमच्या बायकांना ते असे तोंडपाठ. पाळकांनी पुस्तक मिटलं आणि मान खाली घालून थांबले. मला त्या दिवशी त्यांचीच जास्त कीव आली.

मास्तरांना इतिहास सुचला नाही असं होत नाही. "लंडन मिशनवाले १८२० साली इथं आले. १९०४ मध्ये काम मेथडिस्टांकडं सोपवून गेले. तेवढ्या काळात साहेबाला आपल्या भाषा शिकाव्या लागल्या की न्हाई? आणि आता आपल्याच राज्यातल्या पाळकाला जमंना?"

"साहेबाची बदली तीन-चार वर्षांनी होत नव्हती, मास्तर," मी म्हटलं.

खानापूरकडचा बस्त्याव कॅथोलिक. तो गालात हसत होता. "आमच्यात लॅटिन होतं तवर भांडणच नव्हतं. कुणालाच कळायचं न्हाई. साठच्या दशकात व्हॅटिकनच्या परिषदेनं सांगितलं, लोकांच्या भाषेत मिस्सा करा. आता लोकांची भाषा कुठली? घरात कोंकणी, गावात मराठी, कचेरीत कन्नड, आणि पोरं इंग्लिश मीडियमला."

पोरांचं निघालं तसा दानू जरा गप्प झाला. त्याची मुलगी मराठी भजन म्हणते, पण भिंतीवरच्या पडद्यावर रोमन अक्षरांत वाचून. रोमनमध्ये 'ळ' नाही, त्यामुळे सगळं भजन 'ल'वर चालतं आणि मास्तरांचं डोकं उठतं. कन्नडही तिला अक्षर लावत वाचावं लागतं. म्हणजे ज्या दोन उपासनांवरून आम्ही भांडत होतो, त्या दोन्ही तिच्या नव्हेतच. रात्री ती मोबाइलवर बेंगळुरूच्या कुणा प्रचारकाचं इंग्लिश प्रवचन ऐकते. मागं एकदा तिनं तरुणांच्या सभेत सरळ विचारलं होतं, हिंदू मुलाशी लग्न केलं तर चर्चमध्ये करता येईल का? वडीलधाऱ्यांनी तिला प्रार्थना करायला सांगितलं आणि विषय बदलला. ते वडीलधारे म्हणजे मी आणि आणखी दोघं. त्यानंतर ती सभेला आली नाही.

पक्या हे सगळं ऐकत होता. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला, जातीनं मराठा, शाळेत कन्नड शिकलेला. "मला वाटायचं, तुमास्नी भीती त्या कायद्याची हाय," तो म्हणाला.

"ती पण हाय की," मास्तर म्हणाले. धर्मांतरविरोधी विधेयक इथंच, कर्नाटक विधिमंडळाच्या सुवर्ण विधानसौधमध्ये, २३ डिसेंबर २०२१ ला विधानसभेत मंजूर झालं. नाताळ दोन दिवसांवर. त्या वर्षी कॅरोलला गल्लीत गिटार न्यायची की नाही, यावर आमची तासभर बैठक झाली होती. धर्म बदलायचा तर तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, नाहीतर तुरुंग. २०२२ मध्ये कायदा लागू झाला, आणि तो मागं घ्यायचं जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं. मास्तर पुढं म्हणाले, "पण घरच्या प्रार्थनेला खिडकी लावून घ्यायची सवय लागली ती लागली. आता उकाड्यातबी लावतोय."

जरा वेळ कुणी बोललं नाही. मग मी ठरावाला हात वर केल्याचं सांगून टाकलं. दानूनं कप खाली ठेवला. "ठाऊक होतं," म्हणाला. "मिनिट्समध्ये नाव हाय तुझं."

"पाळक राहतात कुठं?" पक्यानं मधेच विचारलं.

"कॅम्पात. का?"

"मी शिकवतो की मराठी. मला कन्नड येतंय, त्यास्नी कन्नड येतंय. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर, आठवड्यातनं दोनदा." मग त्यानं मास्तरांकडं बघितलं. "त्याला तीस दिवस आधी अर्ज द्यायला लागत न्हाई न्हवं?"

बस्त्यावला ठसकाच लागला. चहाचे पैसे दानूनं दिले, माझे सोडून. मी सुट्टे मोजेपर्यंत तो गाडीला किक मारून निघालाही होता. पाळकांना फोन मलाच करायचा होता. रविवारनंतर करू म्हटलं, पण घरी पोचायच्या आधीच केला. ते म्हणाले, मंगळवार चालेल.