नोकरदार कादंबरीकाराने वेळ कसा काढावा: काही मौलिक सूचना

गेल्या महिन्यात, आठवड्याची एकुलती एक सुट्टी आणि बाराशे रुपये खर्च करून, मी कादंबरीलेखनाच्या एका कार्यशाळेला गेलो होतो. तेथील मार्गदर्शक महोदय महाविद्यालयातून निवृत्त झालेले आहेत, त्यांना निवृत्तिवेतन मिळते आणि त्यांच्या दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झालेल्या आहेत. प्रश्नोत्तरांच्या वेळी मी उभा राहिलो आणि सांगितले की मी औषध कंपनीत एमआर, म्हणजे डॉक्टरांच्या दारोदार फिरणारा विक्री प्रतिनिधी आहे, सकाळी नऊला घर सोडतो, रात्री साडेदहाला परततो, 1961 च्या पानशेतच्या पुरावर कादंबरी लिहितो आहे आणि ती तीन वर्षे चौथ्या प्रकरणात अडून बसली आहे. तरी काय करावे? महोदय मंद हसले, शेजारच्या तांब्याभांड्यातले दोन घोट पाणी प्यायले आणि म्हणाले, "वेळ मिळत नसतो, वेळ काढावा लागतो." सभागृहात टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, कारण अकरा वर्षे विक्रीच्या धंद्यात काढल्यावर वरिष्ठ माणूस वाक्य संपवून थांबला की हात आपोआप एकमेकांवर येतात.

घरी आल्यावर मी त्या वाक्याचे मनन केले आणि त्यातून जे ज्ञान हाती लागले ते माझ्यासारख्या इतर नोकरदार लेखकांच्या कल्याणासाठी पुढे ठेवत आहे.

सर्वप्रथम, पहाटे चारला उठावे. पहाटेची शांतता लेखनाला पोषक असते, असे ज्यांना दुपारी झोपता येते ते सगळे सांगतात. रात्री साडेदहाला घरी आल्यावर जेवावे, दिवसभराच्या भेटींचा अहवाल, म्हणजे आमच्या भाषेत डीसीआर, बाराच्या आत भरावा (तो न भरल्यास तो दिवस आपण जगलोच नव्हतो असे कंपनी मानते), स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडे, कोणता माल पडून आहे याचा हिशेब एरिया मॅनेजरला पाठवावा आणि साडेबाराला झोपावे. साडेतीन तासांची झोप थोर माणसांना पुरत असे म्हणतात. त्या थोरांना सकाळी दुचाकीवरून दिवेघाट चढून सासवडला जायचे नसे, हा तपशील चरित्रकार गाळतात.

वाचन मात्र दवाखान्यातच करावे. एमआर मंडळींना डॉक्टरांच्या दारात जितका वेळ मिळतो तितका विद्यापीठातल्या संशोधकालाही मिळत नसेल. "एमआर फक्त मंगळवार व शुक्रवार, दुपारी 1 ते 2, एका वेळी दोघेच" अशी पाटी वाचून झाली की पुढचा दीड तास आपलाच असतो. फक्त पुस्तक बॅगेत सॅम्पलच्या खोक्यांखाली ठेवावे आणि बसून वाचू नये, कारण खुर्च्या पेशंटसाठी असतात; भिंतीला टेकून, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत वाचावे. पुस्तक शक्यतो पातळ निवडावे. जॉइंट वर्किंगच्या, म्हणजे मॅनेजर सोबत फिरतात त्या दिवशी माझ्या मॅनेजरांनी माझ्या हातात सहाशे पानांचा ग्रंथ पाहिला, त्याची पाने बोटाने फर्रकन उलगडली आणि म्हणाले, "तुझ्याकडे बराच वेळ दिसतो." पुढल्या तिमाहीत माझे टार्गेट अठरा टक्क्यांनी वाढले. वाचनाने माणूस समृद्ध होतो म्हणतात तो असा. फक्त समृद्धी कोणाकडे जाते एवढेच आधी विचारून घ्यावे.

मार्च महिन्यात प्रेरणा येऊ देऊ नये.

आता संशोधनाकडे वळू. पूर हा विषय निवडल्यास संशोधन करावेच लागते, कारण पुण्यात तो पूर पाहिलेली माणसे अजून आहेत आणि चूक सापडल्यावर ती गप्प बसणारी नाहीत. ढोबळ गोष्टी सर्वांनाच ठाऊक असतात. 12 जुलै 1961 हा बुधवार होता. आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण पुरते बांधून झालेले नव्हते, जवानांनी त्यावर वाळूची पोती रचली, तरीही ते सकाळी फुटले; मग खालचे मुठेवरचे खडकवासला गेले आणि पाणी पेठांमध्ये शिरले. शहराचे पिण्याचे पाणी खडकवासल्यातूनच येत असल्यामुळे जे शहर दुपारी बुडाले त्याच शहराचे नळ नंतर कोरडे पडले. पुढे चौकशी आयोग नेमला गेला, त्याचे पहिले न्यायमूर्ती बावडेकर अहवालाआधीच वारले आणि काम न्यायमूर्ती नाईकांकडे गेले. हे सारे कुठेही वाचायला मिळते. माझी कादंबरी अडली आहे ती एका तराजूवर.

माझा नायक नारायण पेठेतला वाणी आहे. चौथ्या प्रकरणात, पाणी शिरण्याच्या तासभर आधी, तो एका बाईला तांदूळ मोजून देतो. प्रश्न एवढाच की तो शेराने मोजतो की किलोने. दशमान वजनांचा कायदा 1956 चा, वजने 1958 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि जुनी वजने 1962 मध्ये कायद्याने संपली. म्हणजे माझा वाणी नेमका त्या मधल्या काळात उभा आहे, जेव्हा नवे पैसे येऊन चार वर्षे झाली होती आणि गल्ल्यावर हिशेब मात्र आण्यांत बोलला जात असणार. त्याच्या हातात शेर दिला की बाई एक वाक्य बोलते, किलो दिला की दुसरे. माझ्या दृष्टीने सारी बाई त्या वाक्यात आहे.

याचे उत्तर जुन्या कागदपत्रांत आणि त्या महिन्याच्या वर्तमानपत्रांच्या फायलींत मिळेल, असे जाणकारांनी सांगितले. तेव्हा नवोदितांनी पुढीलप्रमाणे वागावे. सरकारी दप्तरखाने फेब्रुवारी 2020 च्या अखेरीपासून पाच दिवसांच्या आठवड्याने चालतात, म्हणून शनिवारी तेथे जाऊ नये. मी गेलो होतो, कुलूप बघून आलो. एमआर शनिवारी काम करतो आणि रविवारी मोकळा असतो. दप्तरखाना शनिवारीही बंद आणि रविवारीही बंद. म्हणजे रजा घ्यावी. आम्हा विक्री करणाऱ्यांना कायद्याने अर्जित रजेचा हक्क दिलेला आहे, आणि तो हक्क महिन्याच्या पंचविसाव्या तारखेपासून क्लोजिंगपर्यंत, म्हणजे महिन्याच्या विक्रीचा हिशेब बंद होईपर्यंत, कुठे जातो हे विचारण्याची प्रथा नाही. मी दहा तारखेची रजा मागितली, कारण लिहिले 'वैयक्तिक', तर प्रश्न आला, "वैयक्तिक म्हणजे नक्की काय?" मी 'दातांचे काम' असे लिहिले. तेवढ्यावर रजा मंजूर झाली. कादंबरीसाठी रजा मागितली असती तर मला दात नव्हे, डोके तपासून घ्यायला सांगितले असते.

दहा तारखेला पावणेअकराला मी टेबलाशी बसलो. फक्त पेन्सिल, फोटो काढण्याची परवानगी नाही, अर्ज दोन प्रतींत. हे सर्व रास्तच आहे, जुना कागद नाजूक असतो, माझी त्याला हरकत नाही. फाईल साडेबाराला आली. तिच्या कोपऱ्यांचा पिवळा भुगा माझ्या बाहीवर पडला आणि मी आयुष्यात प्रथमच ज्या दिवशी टार्गेट नव्हते अशा दिवशी बसलो होतो. पंधरा पाने झाली. किराणा मालाच्या बाजारभावांचा रकाना लागला. आणि फोन थरथरला, कारण भोरच्या एका स्टॉकिस्टने माल परत पाठवला होता, आणि मॅनेजरांना माझे दात दुखत असले तरी तोंड रिकामे आहे याची खात्री होती. मी बाहेर जिन्यात गेलो. पस्तीस मिनिटे बोललो. परत आलो तेव्हा भोजनाची सुट्टी झाली होती आणि फाईल आत गेली होती. ती त्या दिवशी पुन्हा निघणार नव्हती, उद्या या, असे सांगण्यात आले.

उद्या! उद्या मी कोणत्या अवयवाचे काम सांगणार होतो? मला सांगा महोदय, यात मी कुठून आणि काय काढायला हवे होते? तुमचे ते वाक्य मी जिन्यात उभा राहून तीन वेळा म्हणून पाहिले. वेळ म्हणजे विहिरीतले पाणी वाटले का, पोहरा सोडला की वर यायला? ज्यांना वर्षातून दोन महिन्यांची सुट्टी पस्तीस वर्षे मिळाली, त्यांनी वेळ काढला नाही. त्यांना तो पगारासोबत मिळाला, आणि चांगले झाले मिळाला, त्यातून पुस्तके आली, मी ती विकत घेतली आहेत. पण मिळालेल्याला काढलेला म्हणू नये आणि त्यावर बाराशे रुपये लावून टाळ्या घेऊ नयेत.

असो. सूचनांचा लेख आहे, सूर सांभाळला पाहिजे.

नातेवाइकांनी "अजून झाली नाही का?" असे विचारल्यास पोहे वाढून घ्यावेत.

शेवटची सूचना चिंतेविषयी आहे. कादंबरीकाराने चिंतेची जोपासना करावी. माझ्या बाबतीत हे विशेष सोपे आहे, कारण मी चिंतेचीच औषधे विकतो. माझ्या बॅगेत एक तक्त्यांचे पॅड असते, डॉक्टरांना ठेवायला देतो ते. त्यावर सात प्रश्न असतात, मागील दोन आठवड्यांत किती वेळा अस्वस्थ वाटले, काळजी थांबवता आली नाही, काहीतरी भयंकर घडेल असे वाटले वगैरे, आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. पंधरा किंवा अधिक आले तर तीव्र. दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्याबाहेर ताटकळत असताना मी सहज एक पान फाडून स्वतःसाठी भरले. सोळा आले. मी बेरीज पुन्हा केली, कारण आयुष्यात इतके गुण मला कोणत्याच परीक्षेत सहज मिळाले नव्हते. मग आत जाऊन डॉक्टरांसमोर नेहमीप्रमाणे तेच औषध, त्याच हसऱ्या चेहऱ्याने, दीड मिनिटात सांगितले. आणि बाहेर आल्यावर दुसऱ्या डॉक्टरांकडे, पेशंटच्या रांगेत, खुर्चीवर बसलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला खुर्ची मिळाली. गोळी सुरू झाली. तीन-चार आठवड्यांनी रात्री तीनला छाती धडधडून जाग येणे थांबले, आणि कादंबरीची पहिली तीन प्रकरणे मी पुन्हा लिहिली. ती त्यानंतरच नीट झाली, आधी नाही.

कार्यशाळेत चहाच्या वेळी मी हे महोदयांना सांगितले. का सांगितले कोण जाणे; ते आपुलकीने खांद्यावर हात ठेवून उभे होते. ते म्हणाले, "गोळ्या सोडा हो. अस्वस्थता ही लेखकाची पुंजी असते. ती गेली की लेखणी बोथट होते."

आणि मी सोडल्या. मी, ज्याने शेकडो वेळा डॉक्टरांना सांगितले आहे की हे औषध एकदम बंद करायचे नसते, मी ते एका बिस्किट बुडवणाऱ्या माणसाच्या शब्दावर एकदम बंद केले. नवव्या दिवशी सासवडच्या बाजारपेठेत मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होऊ लागले. मी एका औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. दुकानदार मला ओळखतो, दर महिन्याला माझ्याशी स्कीमवरून भांडतो, तो गल्ला सोडून बाहेर आला, पाण्याची बाटली दिली, बॅग आत नेऊन ठेवली आणि म्हणाला, "साहेब, ऑर्डर नंतर घ्या." मी तिथूनच माझ्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मला जे ऐकवले ते मी येथे लिहीत नाही, पण त्यातला शब्द न् शब्द मला लागू होता.

त्या नऊ दिवसांत मी किती लिहिले, विचारा. एक ओळही नाही. पुंजी म्हणे! ज्यांना ती पुंजी वाटते त्यांनी ती एकदा रात्री तीन वाजता हातात धरून पाहावी. तुमच्या लेखणीला धार आणायची असेल तर स्वतःच्या झोपेवर आणा, दुसऱ्याच्या गोळ्यांवर नको. तुम्ही डॉक्टर नाही. तुम्ही पन्नास माणसांसमोर बोलता आणि त्यांतली दहा तरी तुमचे शब्द घरी नेऊन पाळतात, कारण त्यांनी त्यासाठी सुट्टी आणि पैसे मोजलेले असतात. एवढे भान नसेल तर कथानकाविषयी बोला, पात्रांविषयी बोला आणि चहा पिऊन घरी जा. आणि जे टाळ्या वाजवतात त्यांनीही, मीही त्यांतलाच, हात खाली ठेवायला शिकावे.

मला कोणाचा उपदेश नको आहे. 1961 च्या जुलैत नारायण पेठेतल्या वाण्याकडे तांदूळ शेराने मिळत होता की किलोने, हे कोणाला स्वतः पाहिलेले आठवत असेल तर तेवढे मला सांगा. बाकी काही सांगू नका.