वेढे दुप्पट केले की चुंबक दुप्पट? तारेचा रोधही मोजा

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की मोबाइलवर एक सल्ला हमखास फिरतो : ‘वेढे दुप्पट करा, विद्युतचुंबकाची ताकद दुप्पट होईल. तार पातळ घ्या, म्हणजे वेढे जास्त बसतील. वाढवाल तेवढी उचल वाढेल.’ तिन्ही वाक्ये तपासून घ्यायला हवीत, कारण त्यांच्या भरवशावर मुले तारही वाया घालवतात आणि सेलही.

‘वेढे दुप्पट, ताकद दुप्पट.’ चुंबकीय क्षेत्र ठरते ते वेढे गुणिले धारा, म्हणजे अँपिअर-वेढ्यांवर. धारा तेवढीच राखली तर हे खरे आहे. पण सेल धारा बांधून देत नाही, व्होल्टेज देतो. तार लांबली की रोध वाढतो आणि धारा उतरते. ८ मिमीचा बोल्ट, २६ गेजची एनॅमल तार (विद्युतरोधक लेप असलेली तांब्याची तार; गेजचा आकडा मोठा तेवढी तार पातळ), १.५ व्होल्टचा सेल, आणि सेल व जोडण्यांचा मिळून ०.३ ओहम रोध धरा. १०० वेढ्यांना २.७ मीटर तार लागते. तिचा रोध ०.२८ ओहम, धारा २.६ अँपिअर, म्हणजे २६० अँपिअर-वेढे. त्यावरच दुसरा थर देऊन २०० केले की धारा १.७ वर येते : ३४०. चार थरांत ४०० केले तर ३७५. वेढे चौपट, पण क्षेत्र दीडपटही नाही! वरच्या थरातला प्रत्येक वेढा मोठा असतो, तो तार जास्त खातो. सेल मात्र जास्त टिकतो, आणि तेवढ्यासाठी वेढे वाढवणे योग्यच आहे.

‘तार पातळ घ्या.’ एका सेलवर हा सल्ला सरळ चुकीचा आहे. ३६ गेजच्या एका वेढ्याचा रोध सुमारे ०.०१५ ओहम. १.५ व्होल्टला त्याने भागा : १०० अँपिअर-वेढे. हजार वेढे घातले तरी याच्या वर जाता येत नाही. पातळ तार शोभते ती जास्त व्होल्टेजला. एकाच मापाच्या छोट्या रिलेत (विद्युतचुंबकाने चालणाऱ्या स्विचमध्ये) १२ व्होल्टच्या कॉइलचा रोध ४०० ओहम असेल, तर २४ व्होल्टचीचा १६०० असतो. वेढे जवळपास दुप्पट, धारा निम्मी, ओढ तीच. अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसते. एकच लांब तार न गुंडाळता, रोध कमी राहावा म्हणून त्यांनी घोड्याच्या नालेसारख्या वाकवलेल्या लोखंडी नालावर प्रत्येकी ६० फुटांच्या नऊ वेगळ्या कॉइल समांतर जोडल्या आणि ७५० पौंड उचलले.

‘वाढवाल तेवढी उचल वाढेल.’ उचल क्षेत्राच्या वर्गाने वाढते, म्हणून सुरुवातीला दुप्पट क्षेत्राला चौपट उचल मिळते. मऊ लोखंड १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) पुढे गेले की संपृक्त होऊ लागते, म्हणजे त्याची चुंबकत्व घेण्याची क्षमता भरत येते. मग धारा वाढवली तरी तार तापते, उचल फारशी वाढत नाही. त्याआधी चुंबक आणि उचलायचे लोखंड यांतली फट पाहा. नालाच्या दोन्ही टोकांखाली ०.१ मिमीचा गंज किंवा रंग असेल, तर १.५ टेस्लाला तेवढ्या फटीच २४० अँपिअर-वेढे गिळतात. आणखी १०० वेढे घालण्यापेक्षा टोके पॉलिश पेपरने सपाट घासा.

सगळे करूनही चुंबक मेलेला वाटला, तर तारेच्या टोकांचे एनॅमल खरवडले आहे का ते पाहा. मग थर तपासा : दुसरा थर बोल्टवरून मागे येतो तेव्हाही तार त्याच दिशेने फिरायला हवी. उलटी फिरली, तर तो थर पहिल्याचेच क्षेत्र पुसतो.