पंचम जॉर्ज काठमांडूला गेलाच नव्हता हो!

सध्या प्रत्येक ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय. "१९११ साली इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज काठमांडूला गेला, नेपाळच्या राजाने त्याचं स्वागत केलं, जॉर्जने एकट्याने ३९ वाघ मारले, नेपाळही तेव्हा इंग्रजांच्याच ताब्यात, आणि हे नेपाळचे सर्वात पहिले फोटो." खाली हत्ती, हौदे आणि ओळीने मांडलेले मेलेले वाघ. फोटो खरे आहेत, पण मजकुरात १९११ हे साल आणि ३९ हा आकडा सोडला तर हाताला काही लागत नाही.

आधी काठमांडू. दिल्ली दरबार आटोपून जॉर्ज थेट तराईत, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सखल पट्ट्यात, चितवनच्या जंगलात गेला. चंपारणातल्या भिखनाठोरीपर्यंत रेल्वे, पुढे कॅम्प. तेव्हा काठमांडूला मोटारीचा रस्ताच नव्हता, डोंगर चढून नाहीतर डोलीत बसून जायचं, आणि राणांना, म्हणजे तेव्हा सत्ता चालवणाऱ्या पंतप्रधानांच्या घराण्याला, गोऱ्या पाहुण्यांना राजधानीत नेण्याची हौसही नव्हती. डिसेंबर का, तर हिवाळा सोडून बाकीच्या दिवसांत तराईत मलेरिया, तिकडे त्याला औलो म्हणतात. जॉर्जचा बाप एडवर्ड युवराज असताना १८७६ च्या फेब्रुवारीत आणि मुलगा १९२१ च्या डिसेंबरात आला, तेही तराईतच. गादीवर असलेला इंग्लंडचा पहिला शासक काठमांडूत पोचला तो १९६१ साली, एलिझाबेथ राणी.

आता स्वागत करणारा "राजा", इथे तर कमालच आहे. नेपाळचा राजा पृथ्वी वीर विक्रम शाह ११ डिसेंबर १९११ ला वारला, म्हणजे दिल्ली दरबाराच्या आदल्याच दिवशी. नवा राजा त्रिभुवन, वय वर्षं पाच. राजा जाऊन आठवडा होतोय तोवर शिकार सुरू! मग फोटोत जॉर्जबरोबर दिसतो तो कोण? पंतप्रधान चंद्र शमशेर राणा. घोळ का होतो तर राणा पंतप्रधानसुद्धा स्वतःला महाराज म्हणवायचे (नावाआधी ते तीनदा श्री लावायचे, राजा पाचदा), मानाच्या पोशाखात पाचूचे लोलक आणि पक्ष्याच्या पिसांचा मोठा तुरा असलेला श्रीपेच नावाचा मुकुट घालायचे, आणि जुन्या इंग्रजी कॅप्शनमध्येही 'महाराजा' म्हणजे बहुतेक वेळा पंतप्रधानच असतो. खरी सत्ता कोणाकडे होती ते यावरून कळतंच.

३९ वाघ हा आकडा बरोबर, पण तो सगळ्या मंडळींचा मिळून, शिवाय १८ गेंडे आणि ४ अस्वलं, सगळं दहा दिवसांत. जॉर्जचे स्वतःचे वाघ २१. आणि "शूर शिकारी" वगैरे लिहिणाऱ्यांनी पद्धत तरी बघावी. आधी रेडकं बांधून ठेवायची, वाघाने ते मारलं की शिकारी खबर देणार, मग माहूत हत्ती गोल उभे करत आणत त्या झाडीला कडं घालणार, सहाशेच्या वर हत्ती जमवले होते, आणि वाघ बाहेर पडायला बघतो तेव्हा हौद्यातून गोळी. फोटोत जिवंत वाघ जवळजवळ दिसतच नाही, माणसापेक्षा उंच गवतात तेव्हाचा कॅमेरा काय टिपणार, म्हणून मग कॅम्पावर आणून ओळीत मांडलेले वाघ.

"इंग्रजांच्या ताब्यात" हेही नाही. इंग्रजांबरोबरच्या १८१६ च्या सुगौली तहात नेपाळचा मुलूख गेला, काठमांडूत रेसिडेंट म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी बसला, दबाव होताच, पण राज्य नेपाळचंच, आणि १९२३ च्या तहात इंग्रजांनी ते लेखी मान्य केलं. त्या गेलेल्या मुलखापैकी पश्चिम तराई १८६० मध्ये परत मिळाली ती १८५७-५८ च्या उठावात इंग्रजांना केलेल्या मदतीचं बक्षीस म्हणून. तेव्हाचा राणा पंतप्रधान जंगबहादुर आठवतोय ना, लखनौवर इंग्रजांसाठी फौज घेऊन गेलेला, आणि ज्याच्या राज्यातल्या तराईत शेवटी आपले नानासाहेब पेशवे गेले? १८७६ साली एडवर्डला त्याच पश्चिम तराईत शिकारीला नेणारा यजमानही तोच.

पहिले फोटो म्हणाल तर कॅप्टन क्लॅरन्स टेलरने १८६३ मध्येच काठमांडू खोऱ्यातली देवळं आणि माणसं टिपली होती. १९११ पर्यंत तर दरबारात दीर्घमान चित्रकार हे नेपाळी फोटोग्राफर होते, १९०८ साली चंद्र शमशेरबरोबर इंग्लंडलाही जाऊन आलेले.

शेअर करायचेच असतील तर खुशाल करा, फक्त खाली "नेपाळ तराई, डिसेंबर १९११, पंचम जॉर्ज आणि पंतप्रधान चंद्र शमशेर" एवढं लिहा, बाकी मजकूर डिलीट.