धूळपेरणी आणि मिडवेची लढाई

परवा पानठेल्यावर एका मित्राने ठामपणे सांगितले की, युद्धकाळात आरमाराच्या सेनापतीजवळ थोडा फाजील आत्मविश्वास असलाच पाहिजे, नाहीतर तो बंदरातून जहाज बाहेरच काढणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आम्हा कापूसवाल्यांना समुद्रातले काय कळते, असे कोणी म्हणेल. पण आभाळाच्या भरवशावर कोरड्या मातीत सरकी टोबणाऱ्यांना फाजील आत्मविश्वास चांगलाच कळतो.

मला त्याचे म्हणणे पटले नाही. मे १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, जपानी आरमाराने पॅसिफिक महासागरातल्या अमेरिकेच्या मिडवे बेटावरच्या मोहिमेची तालीम टेबलावर केली होती. त्या खेळात शत्रूचे ९ बॉम्ब जपानी विमानवाहू जहाजांवर लागल्याचा निकाल एका पंचाने दिला, तेव्हा जपानी आरमाराच्या संयुक्त ताफ्याचे सरसेनापती यामामोतो यांचे चीफ ऑफ स्टाफ उगाकी यांनी ९ चे ३ करून टाकले. बुडालेले ठरलेले ‘कागा’ तर पुढच्या डावात पुन्हा तरंगू लागले. अमेरिकनांनी जपानी सांकेतिक संदेश फोडले आहेत, ही शंकाही कोणी धरली नाही. प्रत्यक्ष लढाईत ४ जूनच्या सकाळी ‘अकागी’, ‘कागा’ आणि ‘सोर्यू’ ही विमानवाहू जहाजे काही मिनिटांच्या अंतराने पेटली, आणि संध्याकाळी ‘हिर्यू’ची गत तीच झाली. तिथे ९ चे ३ करायला कोणी पंच नव्हता.

गंमत अशी की, ताफ्याचे प्रत्यक्ष सेनापती नागुमो स्वभावाने सावध होते, आणि अमेरिकेच्या ताकदीबद्दल युद्धाआधी इशारे देणारे खुद्द यामामोतोच होते. पर्ल हार्बरनंतरच्या सहा महिन्यांच्या विजयांनी चढलेला हा ताप एका माणसाचा नव्हता, अख्ख्या मुख्यालयाचा होता.

मित्राने लगेच भारत-पाक युद्धातला ४ डिसेंबर १९७१ काढला: ‘निर्घात’, ‘वीर’ आणि ‘निपात’ या तीन लहान मिसाईल बोटी थेट कराचीवर पाठवणे हा फाजील आत्मविश्वास नव्हे तर काय? वरवर पाहता तसे वाटते खरे. पण त्या बोटींचा पल्ला तोकडा आहे हे नौदलाने आधीच मान्य केले होते, म्हणून सोबत ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ या पाणबुडीविरोधी युद्धनौका दिल्या. दिवसभर ताफा पाकिस्तानी विमानांच्या टप्प्याबाहेर थांबवला, आणि रात्री त्यांची विमाने हल्ला करू शकत नाहीत हे हेरून वार अंधारात केला. पाकिस्तानची ‘खैबर’ आणि ‘मुहाफिज’ ही जहाजे बुडाली, आपली एकही बोट गेली नाही. तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांच्या त्या धाडसाच्या पोटात केवढा तरी संशय होता, आणि उगाकींच्या टेबलावर नेमका तोच नव्हता.

मित्रही दरवर्षी धूळपेरणी करतो. पण त्याच्या घरात, ज्वारीच्या कोठीमागे, बियाण्याच्या दोन थैल्या दुबार पेरणीसाठी राखून ठेवलेल्या असतात, हे मी चारचौघांत सांगून टाकले. त्यावर त्याने काही उत्तर न देता खर्ऱ्याची पुडी उघडली.