हातमोजे घातले होते का, हे सगळ्यात शेवटी विचारा

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीत, पत्रा कापायच्या-दाबायच्या प्रेसमध्ये कुणाची बोटं गेली, की बडोद्यातला वाद ठरल्याप्रमाणे सुरू होतो. एक बाजू म्हणते, "या लोकांना सवयच नाही, दिलेले हातमोजे खुंटीला टांगून ठेवतात." दुसरी म्हणते, "मालक देतोच कुठे?" ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो, हेल्मेट वाटपाचे फोटो निघतात आणि विषय वर्षभरासाठी मिटतो. जर्मनीतल्या कारखान्यांमध्ये सुरक्षेचं काम करणाऱ्याला इथून हे वाचताना वाटतं, की दोन्ही बाजू भांडताहेत ते पीपीईवरून (हातमोजे, मास्क, हेल्मेट अशी अंगावर घालायची साधनं), आणि मशीनकडे कुणी बघतच नाही. हातात मोजा आहे की नाही, याचं ५० टनी प्रेसला काहीही देणंघेणं नसतं.

प्रेसचंच घ्या. लहान शेडमध्ये सर्रास दिसते ती की-क्लचची यांत्रिक प्रेस. पेडल दाबलं, की क्लचची की (लोखंडी खिट्टी) फिरत्या जड चाकात, फ्लायव्हीलमध्ये अडकते, आणि मग रॅम, म्हणजे प्रेसचा वरून मारणारा भाग, खाली जाऊन वर येईपर्यंत ती कशानेही थांबत नाही. की झिजली, तिची स्प्रिंग तुटली किंवा ब्रेकच्या पट्ट्याला तेल लागलं, की प्रेस 'डबल मारते'. म्हणजे कामगार तयार नग काढायला हात घालतो आणि पेडलला पाय न लावताच रॅम पुन्हा खाली येतो. अशा प्रेसला हौसेने लाइट कर्टन (हात मध्ये आला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) लावणारे भेटतात. ते पैसे वाया जातात, कारण कर्टनने 'थांब' म्हटलं तरी थांबायची सोय त्या क्लचमध्ये नाही. तिथे चालतो तो एकच जुना उपाय: डायभोवती, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याभोवती, बोल्टने घट्ट बसवलेलं गार्ड. पत्र्याची पट्टी सरकवायची फट जास्तीत जास्त ६ मिमी आणि ती डायपासून किमान १० मिमी अलीकडे. पत्रा आत जातो, बोट धोक्यापर्यंत पोचत नाही. सुटे नग हाताने ठेवायचे असतील, तर सरकता ट्रे करा, नग बाहेर ठेवून आत ढकलता येतो.

हायड्रॉलिक किंवा फ्रिक्शन क्लचची प्रेस मधल्या मध्ये थांबते, म्हणून तिला दोन हातांची बटनं लावता येतात. पण लावायची कशी, यात सगळी मेख आहे. दोन बटनं नुसती सिरीजमध्ये जोडली, तर एकावर टेप मारून दुसऱ्या हाताने माल भरता येतो, आणि नगावर मजुरी असेल तर तसं होतंच. युरोपीय मानकाप्रमाणे दोन्ही बटनं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली पाहिजेत आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सुटली पाहिजेत. एक चिकटवून ठेवलं तर प्रेस हलतच नाही. बटनं धोक्याच्या जागेपासून किती लांब, त्याचंही सूत्र आहे: हात सेकंदाला १६०० मिमी वेगाने पुढे जातो असं धरायचं, प्रेस थांबायला लागणाऱ्या वेळाने गुणायचं आणि वर २५० मिमी मिळवायचे. थांबायला ०.२ सेकंद लागत असतील, तर ५७० मिमी. ब्रेक झिजला की हा वेळ वाढतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा मोजावा लागतो.

यात हातमोज्याला जागा आहे, पण ती पत्र्याच्या धारेने हात कापू नये एवढ्यापुरती. लेथ आणि ड्रिलवर तर मोजा घालूच नये. विणलेल्या सुती मोज्याचा एक धागा फिरत्या ड्रिलमध्ये गुंतला, तर मोजा फाटण्याआधी बोट पिळलं जातं. "पीपीई सक्तीचं" अशी सरसकट पाटी लावणाऱ्याला हे माहीत नसेल, तर ती पाटीच अपघात घडवेल.

ग्राइंडरचीही तीच कथा. ४ इंची ग्राइंडरवर ७ इंची चकती बसवायची, तर गार्ड काढावंच लागतं. या ग्राइंडरचा वेग मिनिटाला साधारण ११,००० फेरे. त्या वेगाने ७ इंची चकतीची कड सेकंदाला १०४ मीटर पळते, आणि चकतीवर छापलेली मर्यादा असते ८० मीटर. फुटलेला तुकडा गॉगल अडवत नाही. गॉगल ठिणग्यांसाठी असतो. चकतीवरचा आकडा वाचायचा आणि गार्ड काढायचं नाही, हे दोन नियम पाळले तरी बरंच झालं.

धुळीचा मास्क कामगार घालत नाहीत, असाही आरोप होतो; तिथे कामगारांची बाजू अधिक खरी आहे. जर्मन मार्गदर्शक नियमांत झडप नसलेला एफएफपी२ मास्क (बारीक धूळ गाळणारा) सलग ७५ मिनिटं, मग ३० मिनिटं विश्रांती, असा हिशेब आहे. मास्क घालणं हेच शरीरावरचं ओझं धरलं जातं. हे थंड देशातलं. मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली, बारा तासांच्या पाळीत (२०२५ मध्ये गुजरातने तिला वाट मोकळी करून दिली) तो मास्क हनुवटीवर उतरणारच. त्यात दाढी असेल, तर तो नीट घातला तरी कडेने हवा आत येते. धूळ उठते तिथेच ओढून घेणारा सक्शनचा हूड किंवा कापताना पाण्याची धार ही खरी सोय. आणि बडोद्याजवळच्या रासायनिक कारखान्यांच्या नंदेसरीसारख्या ठिकाणच्या सांडपाण्याच्या टाकीत तर फिल्टरचा मास्क म्हणजे फसवणूक. हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो; तो १९.५ च्या खाली गेला तर आत उतरायचं नाही, आणि मास्कच्या फिल्टरचं कुठलंही कार्ट्रिज ऑक्सिजन तयार करत नाही. सांडपाण्यातून निघणारा विषारी वायू हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास पोचला की काही मिनिटांत नाक बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला, असं वाटतं आणि वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही आत पडतो. बाहेरून मीटरने मोजणं, पंख्याने ताजी हवा भरणं, आणि वरून ओढून काढायला हार्नेस व तिपाई असणं, हे सगळं उतरण्याआधी.

आता जर्मनीकडे. इथले लोक फार शिस्तीचे आणि इन्स्पेक्टर फार कडक, हा बडोद्यातला लाडका समज. प्रत्यक्षात कत्तलखान्यांमधल्या ठेकेदारीवर बंदी घालायला २०२१ उजाडलं, तेही कोरोनाने अब्रू गेल्यावर. त्याच कायद्याने सरकारी तपासणीचं किमान प्रमाण ठरवलं: २०२६ पासून वर्षाला ५ टक्के आस्थापना. म्हणजे उरलेल्या ९५ टक्क्यांकडे त्या वर्षी कुणी फिरकलं नाही तरी चालतं. इथलं काम चालतं ते विम्यामुळे. अपघात विम्याचा हप्ता संपूर्ण मालक भरतो, तो धंद्याच्या धोक्यानुसार ठरतो आणि अपघातांप्रमाणे त्यावर अधिभार किंवा सूट मिळते. पीपीई सगळ्यांत शेवटी, हे १९९६ च्या जर्मन कायद्यात लिहिलेलं आहे खरं. पण मशीनच्या धोकादायक भागाला कुंपण हवं, हे आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याचं २१ वं कलमही सांगत होतं. आता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेत विजेवर चालणाऱ्या जागेला 'कारखाना' म्हणायला १० ऐवजी २० कामगार लागतात. बारा-पंधरा माणसांची मकरपुऱ्यातली शेड त्या व्याख्येतच बसत नाही.

तिथे पोचू शकतो तो ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कारण त्याची अट दहा माणसांची आहे. पण त्याचा दर सगळ्यांना सारखाच: पगाराच्या मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५ टक्के. प्रेसची शेड असो की संगणकाचं ऑफिस, फरक नाही. ईएसआयमध्ये आजारपण आणि बाळंतपणही येतं, त्यामुळे तुलना सरळ होत नाही, हे कबूल. तरी भरपाईच्या तक्त्यात अख्ख्या तर्जनीची किंमत १४ टक्के आणि अंगठ्याची ३० टक्के कमाईक्षमता अशी छापलेली असताना, ती बोटं तोडणाऱ्या प्रेसच्या मालकाचा हप्ता पैशानेही वाढू नये, हे विचित्र आहे. गार्ड लावणाऱ्या शेजारच्या शेडवाल्याला त्याचा काहीच फायदा नाही. उलट गार्डमुळे दिवसाचे नग कमी निघतात, हा तोटा तोच सोसतो. दांडिया बाजारातल्या चहाच्या टपरीवर वाद घालायचाच असेल, तर तो या दरावर घालावा. निदान अपघाताच्या भागापुरता दर धंद्याप्रमाणे बदलता येईल. कुठल्या शेडमध्ये, कुठल्या मशीनवर, कुणाला काय झालं, याची माहिती मालकाला फॉर्म १२ हा अपघाताचा अहवाल भरून ईएसआयला द्यावीच लागते. फक्त हप्ता ठरवताना तिचा उपयोग होत नाही.